एचआयव्ही प्रतिबंधक लसीचे संशोधन आणि स्थानिक समुदायाचा सहभाग

गोषवारा

एचआयव्ही प्रतिबंधक लसीच्या मानवी चाचण्या निरोगी माणसांच्या सहकार्यावाचून होऊ शकत नाहीत. हे सहकार्य मिळवताना स्थानिक समुदायाला कोणते स्थान द्यावे, हा प्रश्न जितका वैज्ञानिक तितकाच नैतिक आहे. प्रस्तुत लेखात पुणे व चेन्नई येथील लस चाचण्या, कंबोडिया व कॅमेरूनमध्ये थांबवावे लागलेले अभ्यास आणि थायलंड व दक्षिण आफ्रिकेतील मोठ्या चाचण्या यांच्या आधारे समुदाय सहभागाचे स्वरूप स्पष्ट केले आहे. सहभाग हे स्वयंसेवक मिळवण्याचे साधन नसून प्रतिकूल निष्कर्ष सांगण्याची, ऐकण्याची आणि पचवण्याची पूर्वतयारी आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : एचआयव्ही, लस चाचणी, समुदाय सल्लागार मंडळ, माहितीपूर्वक संमती, संशोधन नीती

प्रस्तावना

एप्रिल १९८४ मध्ये अमेरिकेच्या तत्कालीन आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी एड्सला कारणीभूत असणारा विषाणू सापडल्याची घोषणा केली. सुमारे दोन वर्षांत लस चाचणीसाठी तयार होईल, अशी आशाही त्यांनी त्याच वेळी व्यक्त केली. त्यानंतर चार दशके उलटली, तरी वापरासाठी मान्यता मिळालेली एकही एचआयव्ही प्रतिबंधक लस आज उपलब्ध नाही. हा विषाणू आपले बाह्यरूप सतत बदलतो आणि शिरकाव केल्यावर अल्पावधीतच मानवी पेशीच्या जनुकीय द्रव्यात मिसळून जातो. देवी किंवा गोवर झालेला रुग्ण बरा होतो आणि त्याची प्रतिकारशक्ती संशोधकाला वाट दाखवते. एचआयव्हीच्या बाबतीत निसर्गाने असा नमुना जवळजवळ ठेवलेलाच नाही.

लसीची गरज मात्र कमी झालेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२४ या एका वर्षात जगात सुमारे १३ लाख लोकांना नव्याने संसर्ग झाला. भारतात २०२३ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार २५ लाखांहून अधिक व्यक्ती एचआयव्हीसह जगत होत्या. पुण्याच्या संदर्भात ही गरज विशेष स्पष्टपणे पुढे आली, ती १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून. गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या आणि देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीचा संसर्ग झाल्याचे त्यात आढळले. यांतील बहुतेक स्त्रिया विवाहित व एकनिष्ठ होत्या. पतीशी असलेला संबंध हाच त्यांच्यापुढील धोका होता. ज्या स्त्रीला पतीकडे निरोधचा आग्रह धरता येत नाही, तिला स्वतःच्या निर्णयाने घेता येईल असे संरक्षण हवे असते. लसीचे सामाजिक मोल येथे आहे.

परंतु लस सिद्ध होण्यापूर्वी ती माणसाला टोचून पाहावी लागते. ही माणसे निरोगी असतात. चाचणीपासून त्यांना व्यक्तिशः लाभ होईल, याची कोणतीही हमी नसते. ती आपल्या शरीराची जोखीम इतरांसाठी पत्करतात. ही माणसे कोठून येतात, त्यांना कोण आणि काय सांगते, त्यांच्या घरी, वस्तीत व कामाच्या ठिकाणी त्याचे काय पडसाद उमटतात आणि चाचणी अयशस्वी ठरली तर त्यांच्यापाशी काय उरते, या प्रश्नांचा विचार म्हणजेच समुदाय सहभागाचा विचार होय.

चाचणीचे टप्पे आणि समुदायाचे स्थान

मानवी चाचण्या साधारणतः तीन टप्प्यांत होतात. पहिल्या टप्प्यात काही डझन निरोगी आणि संसर्गाचा धोका कमी असलेल्या व्यक्तींना लस देऊन ती सुरक्षित आहे का, हे पाहिले जाते. दुसऱ्या टप्प्यात शेकडो व्यक्तींमध्ये योग्य मात्रा व प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद तपासला जातो. तिसऱ्या टप्प्यात हजारो व्यक्तींची आवश्यकता असते आणि लस खरोखर संसर्ग रोखते का, याचा निर्णय तेथे लागतो. त्यासाठी सहभागींचे दोन गट केले जातात. एका गटाला लस आणि दुसऱ्या गटाला लसीसारखे दिसणारे, परंतु औषधी घटक नसलेले द्रव्य दिले जाते. कोणाला काय मिळाले, हे सहभागीला ठाऊक नसते आणि टोचणाऱ्यालाही ठाऊक नसते.

या रचनेतच एक पेच आहे. तिसऱ्या टप्प्यातील निष्कर्ष काढण्यासाठी सहभागींपैकी काहींना दैनंदिन जीवनात संसर्ग व्हावाच लागतो. अन्यथा दोन गटांतील फरक दिसणार नाही. उलटपक्षी, प्रत्येक सहभागीला संसर्गापासून वाचवण्याचे सर्व ज्ञात उपाय देणे हे संशोधकाचे नैतिक कर्तव्य आहे. समुपदेशन, निरोध, गुप्तरोगांवरील उपचार आणि अलीकडच्या काळात प्रतिबंधक औषधे हे सर्व त्यात येते. शास्त्राची गरज आणि माणसाचे हित यांतील हे अंतर केवळ संशोधकाच्या सद्हेतूवर सोडता येत नाही. ज्यांच्या वस्तीत चाचणी होते, त्यांच्या दृष्टीसमोर आणि त्यांच्या संमतीनेच ते हाताळले जावे, हे समुदाय सहभागाचे मूलभूत तत्त्व आहे.

या तत्त्वाचा उगम रुग्णांच्या चळवळीत आहे. १९८३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे एड्ससह जगणाऱ्या व्यक्तींनी एक जाहीरनामा मांडला. आपल्याविषयीचे निर्णय होतात त्या प्रत्येक पातळीवर आपल्याला स्थान मिळावे, अशी मागणी त्यांनी त्यात केली. पुढे संशोधन संस्थांमध्ये समुदाय सल्लागार मंडळे स्थापन झाली. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाने एका आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेच्या सहकार्याने 'उत्तम सहभागपर कार्यपद्धती'ची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०११ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली. चाचणीचा आराखडा तयार होण्यापूर्वीपासून निष्कर्ष जाहीर झाल्यानंतरपर्यंत प्रत्येक टप्प्यावर समुदायाशी विचारविनिमय कसा व्हावा, याची मांडणी त्यांत आहे.

पुण्याची पार्श्वभूमी

आरोग्यविषयक उपाय आणि लोकांचा विश्वास यांचे नाते पुण्याला नवे नाही. १८९७ च्या प्लेगच्या साथीत घरोघरी शिरून सैनिकांनी केलेली झडती, रुग्णांचे सक्तीने केलेले विलगीकरण आणि त्यातून उसळलेला असंतोष यांची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड याच्यावर झालेल्या गोळीबारात झाली. साथ खरी होती, तसा रोगप्रतिबंधाचा हेतूही खरा होता. परंतु लोकांना विश्वासात घेण्याची गरज शासनाला वाटली नाही. त्याच वर्षी मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांमध्ये तिची चाचणी केली. हे कैदी स्वयंसेवक म्हणून नोंदले गेले. बंदिवासातील माणसाची इच्छा कितपत मुक्त असते, हा प्रश्न त्या काळी फारसा विचारला गेला नाही. आजची संशोधन नीती प्रथम तोच प्रश्न विचारते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली. २००१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालय, ही परिषद आणि आंतरराष्ट्रीय एड्स लस उपक्रम यांच्यात लस विकासासाठी करार झाला. त्यानुसार फेब्रुवारी २००५ मध्ये भोसरीच्या संस्थेत भारतातील पहिली एचआयव्ही प्रतिबंधक लस चाचणी सुरू झाली. भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या 'सी' उपप्रकारच्या एचआयव्ही विषाणूचे काही जनुकीय भाग एका निरुपद्रवी विषाणूच्या साहाय्याने शरीरात पोहोचवणे, असे या लसीचे स्वरूप होते. बेल्जियम, जर्मनी व भारत या तीन देशांत मिळून ८० स्वयंसेवक या पहिल्या टप्प्यात सहभागी झाले. लस सुरक्षित ठरली, परंतु तिने निर्माण केलेला प्रतिकार माफकच होता. जानेवारी २००६ मध्ये चेन्नई येथील क्षयरोग संशोधन केंद्रात दुसऱ्या एका लसीची चाचणी सुरू झाली. तीत ३२ स्वयंसेवक होते. पुढे पुणे व चेन्नई या दोन्ही ठिकाणी मिळून दोन लसी एकामागोमाग देण्याच्या पद्धतीचीही चाचणी झाली आणि तीतही ३२ स्वयंसेवकांनी भाग घेतला. यांपैकी कोणतीही लस तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचली नाही.

हे आकडे लहान दिसतात. परंतु पहिल्या टप्प्यातील प्रत्येक स्वयंसेवकामागे शंका विचारून, घरी बोलून, तपासण्या करून घेऊन शेवटी माघारी गेलेल्या किंवा निकषांत न बसलेल्या अनेक व्यक्ती असतात. लसीविषयीचे वस्तीतील मत या माणसांच्या बोलण्यातून घडते. म्हणून प्रत्यक्ष सहभागींइतकेच सहभागी न झालेले लोकही समुदायाच्या व्याख्येत येतात.

संमती आणि भाषेचा प्रश्न

माहितीपूर्वक संमती हा संशोधन नीतीचा पाया मानला जातो. मात्र माहिती भाषेतून दिली जाते आणि शब्दांना त्यांचा पूर्वेतिहास असतो. मराठी भाषकाच्या मनात 'लस' म्हणजे रोगापासून संरक्षण देणारी वस्तू. 'देवी काढणे' हा पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव आणि बालकांना दिला जाणारा पोलिओचा डोस यांमुळे हा अर्थ दृढ झालेला आहे. 'लस टोचली' असे म्हणताच ऐकणाऱ्याला 'आता धोका टळला' असे वाटते. चाचणीतील लस ही अद्याप लस ठरलेली नसते. ती लस आहे काय, हाच तर चाचणीचा प्रश्न असतो. हा भेद सहभागीच्या मनात ठसला नाही, तर तो संरक्षण मिळाल्याच्या भ्रमात निष्काळजी होण्याचा संभव असतो. त्यामुळे 'चाचणीतील लस' किंवा 'संभाव्य लस' असा शब्दप्रयोग कटाक्षाने करणे हा सुरक्षिततेचाच भाग ठरतो.

'प्रयोग' या शब्दाची अडचण याच्या उलट आहे. 'आमच्यावर प्रयोग करता काय?' या वाक्यात राग आणि अवहेलनेची जाणीव असते. तो टाळण्यासाठी केवळ 'कार्यक्रम' किंवा 'योजना' असे सौम्य शब्द वापरले, तर ती दिशाभूल होते, कारण 'योजना' म्हटले की लोकांना शासकीय लाभ अपेक्षित असतो. 'स्वयंसेवक' या शब्दाला समाजसेवेचा सुगंध आहे. त्यातून कर्तव्याची भावना जागी होते आणि नकार देणे संकोचाचे वाटू शकते. 'अतिजोखमीचा गट' ही संज्ञा तर ज्यांना धोका आहे त्यांनाच धोकादायक ठरवते. इंग्रजी आराखड्याचे शब्दशः भाषांतर करून हे प्रश्न सुटत नाहीत. समुदायातील स्त्री-पुरुषांनी संमतीपत्राचा मसुदा वाचून आपल्याला काय समजले, ते आपल्या शब्दांत सांगणे आणि त्यानुसार मसुदा बदलणे, हाच खात्रीचा मार्ग आहे.

सही किंवा अंगठा याविषयीची भीतीही विचारात घ्यावी लागते. सावकार, तलाठी वा मालक यांच्या कागदावर सही केली की आपला हक्क गेला, असा अनेक कुटुंबांचा अनुभव आहे. संमतीपत्रावरील सही मात्र सहभागीला बांधण्यासाठी नसते. कोणतेही कारण न देता केव्हाही बाहेर पडण्याचा त्याचा हक्क त्या कागदातच नमूद असतो. हे केवळ छापून भागत नाही. चाचणीतून बाहेर पडलेल्या व्यक्तीला नंतरही सन्मानाने वागवले गेल्याचे वस्तीने पाहिले, म्हणजे लोकांना ते पटते.

सहभागाचे सामाजिक ओझे

लस चाचणीतील जोखीम केवळ शारीरिक नसते. एचआयव्हीची नेहमीची चाचणी रक्तातील प्रतिपिंडे शोधते. लस परिणामकारक असो वा नसो, ती अशी प्रतिपिंडे निर्माण करू शकते. परिणामी संसर्ग झालेला नसतानाही सहभागीची तपासणी 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. संशोधन केंद्रात विषाणूचाच शोध घेणाऱ्या विशेष तपासणीने खरा उलगडा होतो, परंतु ही सोय सर्वत्र नसते. एखादी तरुणी बाळंतपणासाठी तालुक्याच्या रुग्णालयात गेली, एखाद्या तरुणाने परदेशी नोकरीसाठी वैद्यकीय तपासणी करून घेतली किंवा कोणी रक्तदान शिबिरात नाव नोंदवले, तर चाचणी संपून अनेक वर्षे लोटल्यावरही हा प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून सहभागींना ओळखपत्र देणे, खरी तपासणी विनामूल्य उपलब्ध ठेवणे आणि ही सोय चाचणीच्या कालावधीनंतरही चालू ठेवणे आवश्यक असते.

याखेरीज संशयाचे ओझे असते. 'एड्सच्या दवाखान्यात' वारंवार जाणाऱ्या व्यक्तीविषयी शेजारी काय बोलतील, या धास्तीने अनेक जण मागे हटतात. स्त्रियांच्या बाबतीत ही अडचण दुप्पट होते. चाचणीच्या काळात गर्भधारणा टाळावी लागत असल्याने नवविवाहितेला सासरी खुलासा करावा लागतो. पतीची वा सासूची परवानगी घेणे हा व्यवहार आहे; तिची स्वतःची संमती हा हक्क आहे. पहिल्याने दुसऱ्याची जागा घेऊ नये आणि दुसऱ्याचा आग्रह धरताना पहिल्याकडे दुर्लक्ष करून तिला घरात एकटे पाडू नये, हा तोल समुपदेशकाला साधावा लागतो. स्त्रियांना अडचणीचे म्हणून वगळले, तर पुढे लस कोणासाठी योग्य आहे, याचे उत्तर अर्धेच मिळते.

या संदर्भात २०१७ च्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायद्याचा उल्लेख करावा लागतो. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या या कायद्याने माहितीपूर्वक संमतीविना तपासणी करण्यास मनाई केली आणि एचआयव्हीच्या आधारे होणाऱ्या भेदभावास प्रतिबंध केला. पुण्यातील पहिल्या चाचणीच्या वेळी असा कायदा नव्हता. तेव्हाच्या सहभागींनी केवळ संस्थेच्या आश्वासनावर भिस्त ठेवली होती.

सल्लागार मंडळ : उपयोग आणि मर्यादा

समुदाय सल्लागार मंडळ हे सहभागाचे सर्वाधिक प्रचलित रूप आहे. वस्तीतील कार्यकर्ते, एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्ती, शिक्षक, वकील, पत्रकार, महिला मंडळांच्या प्रतिनिधी अशा व्यक्ती त्यात असतात. चाचणीचा आराखडा वाचून शंका उपस्थित करणे, संमतीपत्राची भाषा तपासणे, प्रवासखर्च व बुडालेल्या मजुरीची भरपाई किती असावी याविषयी मत देणे आणि अफवांची वेळीच माहिती देणे ही त्यांची कामे होत. भरपाईचा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण तो नाजूक आहे. रक्कम अत्यल्प असेल, तर गरिबाची मजुरी बुडते. फार मोठी असेल, तर गरज हीच संमतीचे कारण बनते. योग्य रक्कम कोणती, हे वस्तीतील माणूसच नेमके सांगू शकतो.

मंडळाच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. ते नीतिसमितीला पर्याय नाही आणि सहभागी मिळवून देणारी यंत्रणा तर नव्हेच. मंडळाचा खर्च संशोधन संस्था करते, त्यामुळे टीका मवाळ होण्याचा संभव असतो. कागदपत्रे इंग्रजीत आणि बैठका कामाच्या दिवशी असल्या, तर सुशिक्षित मध्यमवर्गीय सदस्यांचाच आवाज ऐकू येतो. 'समुदाय' हा एकजिनसी नसतो. जात, लिंग, उत्पन्न व व्यवसाय यांच्या रेषा त्यातून गेलेल्या असतात. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांविषयी बोलणारा संस्थाचालक आणि त्या स्त्रिया स्वतः यांच्या म्हणण्यात अंतर असू शकते. सांगली परिसरातील 'वॅम्प' किंवा कोलकात्यातील 'दुर्बार' यांसारख्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या स्वतःच्या संघटनांनी आपले म्हणणे मांडण्यास मध्यस्थाची गरज नाही, हे पूर्वीच दाखवून दिले आहे.

संवाद तुटतो तेव्हा

समुदायाला डावलल्यास काय होते, याचे उदाहरण लसीच्या शेजारच्याच क्षेत्रात सापडते. टेनोफोविर हे औषध रोज घेतल्यास एचआयव्हीपासून संरक्षण मिळते का, हे पाहण्यासाठी कंबोडियात देहविक्रय करणाऱ्या ९६० स्त्रियांचा अभ्यास योजला होता. दुष्परिणाम झाल्यास दीर्घकाळ उपचार व विमा मिळावा, अशी या स्त्रियांच्या संघटनेची मागणी होती. तिचे समाधान झाले नाही आणि ऑगस्ट २००४ मध्ये तेथील पंतप्रधानांनी अभ्यास सुरू होण्यापूर्वीच थांबवला. फेब्रुवारी २००५ मध्ये, म्हणजे पुण्यात लस चाचणी सुरू झाली त्याच महिन्यात, कॅमेरूनमध्येही याच औषधाचा अभ्यास स्थगित झाला.

पुढील इतिहास दोन्ही पक्षांना विचार करायला लावणारा आहे. २०१० नंतरच्या अभ्यासांतून टेनोफोविरवर आधारित औषधे नियमित घेतल्यास संसर्ग टाळता येतो, हे सिद्ध झाले. अर्थात, त्या स्त्रियांचा प्रश्न चुकीचा होता असे यावरून ठरत नाही. औषध चांगले होते आणि प्रश्नही रास्त होता. रास्त प्रश्नाला वेळेवर उत्तर मिळाले नाही, म्हणून चांगल्या औषधाचा अभ्यास थांबला. संशोधनाला उशीर झाला, तो लोकांच्या अज्ञानामुळे झाला असे येथे म्हणता येत नाही.

प्रतिकूल निष्कर्षांची परीक्षा

थायलंडच्या रायोंग व चोनबुरी या प्रांतांत २००३ मध्ये सुरू झालेली चाचणी १६,४०२ स्वयंसेवकांच्या सहभागाने पूर्ण झाली. २००४ च्या आरंभी काही नामवंत शास्त्रज्ञांनी या चाचणीच्या उपयुक्ततेविषयीच जाहीर शंका घेतली होती. तरीही तेथील आरोग्य केंद्रांच्या जाळ्यातून काम चालू राहिले आणि सप्टेंबर २००९ मध्ये ३१.२ टक्के संरक्षणाचा निष्कर्ष जाहीर झाला. हे प्रमाण लस वापरात आणण्याइतके नव्हते, परंतु लसीने संरक्षण मिळू शकते, याची पहिली खूण त्यातून मिळाली.

दक्षिण आफ्रिकेचा अनुभव अधिक कठीण आहे. अमेरिका व इतर देशांतील 'स्टेप' चाचणीत लस निरुपयोगी असल्याचे सप्टेंबर २००७ मध्ये दिसून आले. पाठोपाठ काही पुरुषांमध्ये लस घेतलेल्यांना संसर्ग अधिक झाल्याचेही आढळले. त्याच लसीची दक्षिण आफ्रिकेतील 'फाम्बिली' चाचणी तत्काळ थांबवण्यात आली. तोवर ८०१ स्वयंसेवक दाखल झाले होते. कोणाला लस मिळाली आणि कोणाला नाही, हे प्रत्येक सहभागीला सांगण्याचा निर्णय घेण्यात आला. शास्त्रीय दृष्ट्या त्याने चाचणीची रचना मोडली, पण माणसाचा जाणून घेण्याचा हक्क वरचढ मानला गेला. त्यानंतर त्याच देशात २०१६ मध्ये 'उहाम्बो' ही ५,४०४ स्वयंसेवकांची चाचणी उभी राहू शकली. तीही फेब्रुवारी २०२० मध्ये निष्फळ ठरून थांबली. २०२१ मध्ये आफ्रिकेतील स्त्रियांमधील 'इम्बोकोडो', जानेवारी २०२३ मध्ये 'मोझाइको' आणि २०२३ च्या अखेरीस पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील 'प्रेपव्हॅक' या चाचण्यांमधील लसींचीही तीच गत झाली.

या मालिकेतून एक गोष्ट स्पष्ट होते. लस संशोधनात अपयश हा अपवाद नाही. आजवर तोच नियम ठरला आहे. म्हणून समुदाय सहभागाची खरी परीक्षा चाचणीच्या उद्घाटनादिवशी होत नाही. ती चाचणी थांबते त्या दिवशी होते. वर्तमानपत्रात बातमी येण्यापूर्वी सहभागीला ती कळते का, ती त्याच्या भाषेत कळते का, त्याच्या प्रश्नांना उत्तरे देण्यास तोच परिचित समुपदेशक उपलब्ध असतो का, यावर पुढच्या चाचणीचे भवितव्य ठरते. 'फाम्बिली'नंतर 'उहाम्बो' शक्य झाली, यामागे प्रतिकूल वार्ता न लपवण्याचा हा संकेत निश्चितच होता.

नवे प्रश्नही पुढे आले आहेत. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आफ्रिका व युगांडातील ज्या २,१३४ तरुणींना लेनाकॅपाविर हे सहा महिन्यांतून एकदा टोचायचे प्रतिबंधक औषध दिले होते, त्यांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. असा उपाय हाताशी असताना लस चाचणीतील सहभागींना तो द्यावा की नाही, दिला तर लसीचा परिणाम कसा मोजावा, हा पेच आहे. त्यातच २०२५ मध्ये अमेरिकन निधी बंद झाल्याने आफ्रिकी शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने आखलेल्या लस कार्यक्रमाला मोठा धक्का बसला. निधी दूरच्या राजधानीतून येतो आणि विश्वास मात्र गल्लीबोळांतून मिळवावा लागतो. निधी थांबला की दिलेल्या शब्दाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न संमतीपत्रात क्वचितच असतो.

भारतीय नियम आणि महाविद्यालयांची भूमिका

२०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार नीतिसमितीत किमान सात सदस्य असावे लागतात. त्यांपैकी निम्मे तरी त्या संस्थेबाहेरील असावेत आणि त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री, एक विधिज्ञ तसेच समाजशास्त्र वा तत्सम क्षेत्रातील एक व्यक्ती असावी, असे बंधन आहे. एचआयव्हीवरील औषधांच्या चाचणीत संमतीप्रक्रियेचे चित्रीकरण न करता केवळ ध्वनिमुद्रण पुरेसे मानले आहे. चेहरा उघड होण्याची भीती येथे कायद्यानेच ओळखली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही समुदायाशी विचारविनिमय करण्यावर भर आहे.

या रचनेत महाविद्यालयीन अध्यापकांना प्रत्यक्ष स्थान आहे. समाजशास्त्र, विधी, तत्त्वज्ञान व भाषा या विषयांचे अध्यापक नीतिसमितीत संस्थाबाह्य सदस्य म्हणून काम करू शकतात. संमतीपत्रांचे मराठीकरण व आकलन-चाचणी हे भाषा विभागांना सहज हाती घेता येण्याजोगे काम आहे. राष्ट्रीय सेवा योजना व रेड रिबन क्लब यांच्या माध्यमातून संशोधन म्हणजे काय आणि सहभागीचे हक्क कोणते, याविषयी विद्यार्थ्यांना माहिती देता येते.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगणे अत्यावश्यक आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत विषाणूवरील लसीचा एक प्रकल्प २००९ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत सुरू झाला व एप्रिल २०१० मध्ये थांबवण्यात आला. काही मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध असल्याचे चौकशीत सिद्ध झाले नाही. तथापि आश्रमशाळांतील अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी मुख्याध्यापक वा वसतिगृह अधीक्षकांनी सह्या केल्याचे उघड झाले आणि संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कठोर टीका केली. शिक्षकाचा शब्द विद्यार्थ्याला मोडवत नाही, हीच शिक्षकाची शक्ती आहे आणि संशोधन नीतीच्या दृष्टीने हीच अडचण आहे. आपल्याच विद्यार्थ्यांना चाचणीत सहभागी होण्यास सुचवणे हे अध्यापकाचे काम नव्हे. त्यांना प्रश्न विचारण्यास आणि निःसंकोच नकार देण्यास समर्थ करणे हे त्याचे काम आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. पहिला, समुदाय सहभाग हा चाचणीच्या आराखड्याचाच भाग असावा. प्रसिद्धीचा किंवा भरतीचा जोडउपक्रम नसावा. दुसरा, माहितीपूर्वक संमती ही स्थानिक भाषेतील शब्दांच्या प्रत्यक्ष अर्थावर तपासली जावी. तिसरा, सहभागीवरील सामाजिक जोखीम चाचणीच्या समाप्तीबरोबर संपत नसल्याने संस्थेची जबाबदारीही तेथे संपू नये. चौथा, समुदायाचे प्रतिनिधित्व ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्याकडेच असावे. पाचवा, प्रतिकूल निष्कर्ष कोणी, केव्हा व कोणत्या भाषेत सांगावयाचे, हे चाचणी सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असावे.

पुणे व चेन्नई येथील स्वयंसेवकांनी ज्या लसींसाठी दंड पुढे केला, त्या लसी आज वापरात नाहीत. त्या सुरक्षित होत्या आणि अपुऱ्या होत्या, एवढे ज्ञान त्यांच्या सहभागातून मिळाले. पुढील लस जेव्हा केव्हा भारतात चाचणीसाठी येईल, तेव्हा पूर्वीच्या सहभागींना कसे वागवले गेले, हे विचारण्याचा समुदायाला अधिकार असेल. त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देता येणे ही लस संशोधनाची प्रयोगशाळेबाहेरील पूर्वतयारी होय.